पाय कुठून टाकायचा? ई-सायकलचा दोनशे वर्षं जुना प्रश्न

आजच्या भागाची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

गेल्या दिवाळीत मी आईसाठी इलेक्ट्रिक सायकल घेतली. तिला न सांगता. आई एकसष्ट वर्षांची, उजवा गुडघा कुरकुरतो, पण कॉलेजात असताना पुण्यात रोज सायकल मारणारी बाई. मी महिनाभर व्हिडिओ बघितले. तक्ता केला. मोटर किती वॉटची, बॅटरी किती अँपिअर-अवरची, एका चार्जमध्ये किती किलोमीटर, डिस्क ब्रेक आहेत का, पुढे शॉकअप आहेत का. सगळ्यात जास्त मार्क मिळवलेली सायकल घरी आणली. आईनं हळदीकुंकू वाहिलं, हार घातला. मग सीटवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. एकदा मधल्या दांड्याकडे बघितलं, एकदा मागच्या कॅरियरकडे. आणि म्हणाली, "छान आहे रे. तूच वापर."

माझ्या तक्त्यात बारा रकाने होते. "पाय कुठून टाकायचा" हा रकाना नव्हता.

त्यानंतर मी या एका रकान्याच्या मागे लागलो, आणि सापडलं काय, तर सायकलचा सगळा इतिहासच या प्रश्नाभोवती फिरतो. आराम, ताकद आणि चढणं-उतरणं. या तिघांचं भांडण दोनशे वर्षं चालू आहे. आज तेच भांडण ऐकूया.

दांडा आला कुठून?

१२ जून १८१७. जर्मनीतलं मॅनहाइम शहर. कार्ल फॉन ड्राइस नावाचा वनखात्यातला अधिकारी लाकडाच्या एका दोनचाकीवर बसून घरातून निघाला. साधारण सात किलोमीटर जाऊन तो तासाभरात परतही आला. त्या गाडीला पायडल नव्हते. बसायचं आणि जमिनीला पाय मारत पळायचं. वजन सुमारे २२ किलो. गंमत बघा, आजच्या कितीतरी ई-सायकलींचं वजनही याच्याच आसपास भरतं.

या गाडीत दोन चाकांना जोडणारं एक आडवं लाकूड होतं, आणि बसणाऱ्यानं त्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकायचे. पॅन्ट घालणाऱ्या पुरुषाला यात काहीच अडचण नाही. पण घोट्यापर्यंत घेरदार झगा घालणाऱ्या बाईनं काय करायचं? लंडनमध्ये डेनिस जॉन्सन हा घोडागाड्या बनवणारा कारागीर ड्राइसच्या गाडीची सुधारित आवृत्ती विकत होता. त्यानं १८१९ मध्ये बायकांसाठी वेगळी गाडी केली. तिचं मधलं आडवं अंग खाली वाकवलेलं होतं, म्हणजे झगा अडकणार नाही.

म्हणजे ज्याला आपण "लेडीज सायकल" म्हणतो, तिचा आकार पायडलपेक्षाही जुना आहे. पायडलवाल्या गाड्या बाजारात आल्या त्या १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये. चढायचं कसं हा प्रश्न त्याच्या चाळीस वर्षं आधीच कुणाला तरी पडला होता आणि त्यानं तो सोडवलाही होता.

मग आपण तो विसरलो. १८७० च्या दशकात आली ती उंच चाकाची सायकल. पुढचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं, मागचं एवढंसं. चाक जितकं मोठं तितकं एका फेरीत अंतर जास्त, म्हणजे वेग जास्त. वेगापायी बाकी सगळं सोडून दिलं. चढायचं कसं? मागच्या चाकाच्या वर एक छोटी पायरी. तिच्यावर एक पाय ठेवायचा, दुसऱ्यानं जमीन ढकलत पळायचं, आणि गाडी चालू असतानाच उडी मारून सीटवर जायचं. समोर दगड आला की माणूस थेट डोक्यावर. ही सायकल तरुण, तगड्या आणि पैसेवाल्या पुरुषांची झाली. ज्यांना ते जमत नव्हतं त्यांच्यासाठी तीनचाकी होत्या. १८८१ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियानं जेम्स स्टार्ली यांच्याकडून अशा तीनचाकी मागवल्या होत्या.

१८८५ मध्ये त्याच घराण्यातल्या जॉन केम्प स्टार्ली यांनी कॉव्हेंट्री शहरात "रोव्हर" आणली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला चेन, आणि पाय जमिनीला टेकतात. तिला नावच पडलं सेफ्टी बायसिकल, म्हणजे सुरक्षित सायकल. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी फार हादरते म्हणून त्यांनी हा उद्योग केला होता. आराम नावाची गोष्ट सायकलमध्ये आली ती अशी, एका बापाच्या खटपटीतून.

आणि याच काळात तो मधला दांडा पक्का झाला. आपल्या नेहमीच्या सायकलचा सांगाडा नीट बघा. दोन त्रिकोण आहेत. त्रिकोणाची गंमत अशी की कितीही दाबा, तो आपला आकार सोडत नाही. म्हणून पातळ नळ्यांतही सायकल मजबूत आणि हलकी होते. वरचा दांडा काढला की पुढचा त्रिकोण मोडतो. मग खालच्या नळ्या जाड कराव्या लागतात, वजन वाढतं. तरीही नळ्या पातळच ठेवल्या आणि मागे ओझं लादलं, तर वेगात हँडल डुलायला लागतं. हा दांडा उगाच आलेला नाही, त्याच्यामागे चोख हिशेब आहे. प्रश्न एवढाच, की तो हिशेब कुणाला धरून केला.

एकोणीस किलो की साडेनऊ?

या हिशेबाची किंमत एका बाईनं रस्त्यावर मोजली. बॉस्टनची ॲनी कोहेन कोपचॉव्हस्की, तीन मुलांची आई. जून १८९४ मध्ये ती सायकलवरून जगप्रवासाला निघाली. पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या लंडनडेरी नावाच्या कंपनीनं तिला शंभर डॉलर दिले आणि बदल्यात तिनं चक्क ते नाव घेतलं, ॲनी लंडनडेरी. आजच्या भाषेत, स्पॉन्सर्ड कंटेंट!

निघताना तिच्याकडे होती बायकांची, खाली वाकलेल्या दांड्याची सायकल. वजन ४२ पौंड, म्हणजे एकोणीस किलो. अंगात लांब झगा. शिकागोपर्यंत येता येता ती थकून गेली. तिथे तिनं सायकल बदलली. पुरुषांची, सरळ दांड्याची, २१ पौंडांची. बरोबर अर्ध्या वजनाची. पण तिच्यावर झगा घालून बसता येईना, म्हणून तिनं कपडेही बदलले. आधी घोळदार पायजमा, नंतर सरळ पुरुषी पोशाख. बराचसा प्रवास जहाजानं करून सप्टेंबर १८९५ मध्ये ती शिकागोला परतली.

आपल्याला ही स्वातंत्र्याची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण मला तिच्यात दुसरंही काहीतरी दिसतं. हलकी सायकल हवी असेल तर बाईनंच बदलायचं, सायकल बदलणार नाही, असा तो सौदा होता. ॲनी तरुण होती, तिला पाय उचलता येत होता. माझ्या आईचा गुडघा कपडे बदलून वाकणार नाही.

बॅटरीनं पायाची जागा घेतली

आता वीज. तुम्हाला वाटत असेल ई-सायकल ही गेल्या दहा वर्षांतली गोष्ट. चूक. पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्येच तीनचाकीला विजेची मोटर जोडून ती रस्त्यावर चालवली होती. आणि ३१ डिसेंबर १८९५ रोजी, म्हणजे ॲनी परतली त्याच वर्षी, ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टन ज्युनियर यांना विजेच्या सायकलचं अमेरिकन पेटंट मिळालं. मोटर थेट मागच्या चाकाच्या मध्यात. आजच्या बहुतेक स्वस्त ई-सायकलींमध्ये असते, अगदी तिथेच. बॅटरी १० व्होल्टची, आणि मोटर तिच्यातून १०० अँपिअरपर्यंत वीज ओढू शकेल असं मांडलेलं होतं. गुणाकार करा, हजार वॉट!

दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, बॉस्टनच्या होझिया लिबी यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी मोटर ठेवली मधे, पायडलच्या आसापाशी. आज दुकानात "हब मोटर की मिड मोटर" असा जो वाद चालतो, तो १८९७ मध्येच सुरू झाला होता.

मग या सायकली चालल्या का नाहीत? बॅटरीमुळे. शिशाच्या बॅटरीचं वजन एवढं, की मोटरची बरीच ताकद तिलाच वाहून नेण्यात जायची. पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं. बोल्टन यांच्या पेटंटमधलं चित्र बघा. बॅटरीची पेटी कुठे आहे? मधल्या दांड्याखाली लटकवलेली, त्रिकोणाच्या पोटात.

आणि इथे मला माझी चूक कळली. सायकलवर बसायला पाय जिथून जायला हवा, नेमकी तीच जागा बॅटरीला सगळ्यात सोयीची असते. मधोमध, खाली, दोन्ही चाकांवर वजन सारखं. बॅटरी आणि पाय यांचं भांडण एकाच जागेवरून आहे. मी घेतलेल्या सायकलमध्ये १८९५ सारखाच बॅटरीचा विजय झाला होता.

सूपर कब, लूना आणि मागे बसलेलं पोर

हे भांडण पहिल्यांदा नीट सोडवलं ते पेट्रोलवाल्यांनी. १९५८ मध्ये जपानमध्ये होंडाची "सूपर कब" आली. मोटरसायकलची टाकी नेहमी मांड्यांच्या मधे असते. यांनी ती सीटखाली नेली आणि इंजिन आडवं करून खाली बसवलं. मधे पाय जायला मोकळी वाट. २०१७ पर्यंत या घराण्यातल्या दहा कोटी गाड्या बनल्या. लोकांना काय हवं होतं, याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट केली लूनानं. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं, इटलीच्या पियाजिओच्या "चाओ" या मोपेडवरून, ५० सीसीची लूना आणली. नगरच्या कारखान्यात बनायची. पायडल होते, मधे दांडा नव्हता. साडी नेसलेली शिक्षिका, धोतरातले आजोबा, मागे किटल्या लावलेला दूधवाला, सगळे तिच्यावर बसू शकायचे. तुमच्या घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, लूनाची एक तरी आठवण निघेल. आमची आईसुद्धा पहिल्यांदा इंजिनावर बसली ती मामाच्या लूनावरच.

२०२४ मध्ये त्याच घराण्याच्या कंपनीनं विजेवरची ई-लूना आणली, पण तिला पायडल नाहीत. ती सायकल नव्हे, वाहनच.

खरी विजेची सायकल पुन्हा जन्माला आली ती जपानमध्ये, नोव्हेंबर १९९३ मध्ये. यामाहाची "पास". तिचं वेगळेपण असं, की तिला मनगटानं पिळायचा ॲक्सिलरेटर नव्हता. पायडलवर तुम्ही किती जोर लावता हे एक सेन्सर मोजायचा आणि मोटर तेवढीच भर घालायची. तुम्ही थांबलात की तीही थांबणार. वजन ३१ किलो, बॅटरी शिशाचीच, जेमतेम वीस किलोमीटर जायची. पण सांगाडा खाली वाकलेला. मोटरसायकल बनवणाऱ्या कंपनीनं सायकल करताना पायाची वाट आधी मोकळी केली.

यामुळे जपानमध्ये ती कुणी उचलली? म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान मुलांच्या आयांनी. इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. मागच्या सीटवर पोर बसलेलं असेल तर टांग मारून चढताच येत नाही, लाथ पोराला बसेल. पाय पुढूनच टाकावा लागतो. म्हणजे खालचा दांडा ही गुडघा दुखणाऱ्यांसाठी केलेली सवलत नाही. ओझं वाहणाऱ्या प्रत्येकाची ती गरज आहे. पुढे-मागे दोन मुलं घेऊन सायकल चालवायला तिथे कायद्यानं बंदी होती. पोलिसांनी ती कडक करायचं ठरवल्यावर आया उठल्या, की मग आम्ही पाळणाघर कसं गाठायचं? शेवटी २००९ मध्ये नियम बदलला. ठरावीक मानकांत बसणाऱ्या मजबूत सायकलींवर दोन मुलांना परवानगी मिळाली. छोटी चाकं, खाली बसवलेलं वजन, रुंद स्टँड. सायकलनं आयांप्रमाणे बदलायचं ठरवलं. ॲनीचा सौदा उलटा झाला, शंभर वर्षांहून जास्त काळानंतर.

बाकी राहिली बॅटरी. सोनीनं १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि यथावकाश ती सायकलमध्येही आली. आत्ता तुमच्या हातात जो फोन आहे, त्याची बॅटरी आणि ई-सायकलची बॅटरी सख्ख्या बहिणी. ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-अवर ऊर्जा असते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या सायकल बॅटरीत ३६०. म्हणजे एकोणीस फोन सीटखाली घेऊन फिरायचं!

२५० वॉट पुरतात का?

आता ताकद. आपल्याकडच्या नियमानुसार मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर सर्वसाधारणपणे लायसन्स आणि रजिस्ट्रेशन लागत नाही. युरोपातही आकडे जवळजवळ हेच. ऐकून पोरं नाक मुरडतात, "एवढंच?"

हिशेब करू. माणूस ७० किलो, सायकल २५ किलो, एकूण ९५. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता, वेग ताशी १२ किलोमीटर. वर चढायलाच साधारण १५५ वॉट लागतात. टायरचं घर्षण आणि वारा धरून दोनशेच्या आसपास. साधा माणूस न दमता ७५ ते १०० वॉट देऊ शकतो. उरलेले शंभर मोटरनं द्यायचे. म्हणजे २५० वॉट शहरातल्या चढाला पुरतात.

मग फरक कशात पडतो? मोटर कुठे आहे यात. चाकात असेल तर तिला गिअरचा फायदा नाही. कडक चढावर चाक हळू फिरलं की मोटरही हळू फिरते, तापते आणि दमते. मधे पायडलपाशी असेल तर ती तुमचेच गिअर वापरते, खालचा गिअर टाकला की आरामात चढते. पण किंमत बरीच जास्त, आणि चेन लवकर झिजते. दुसरा फरक सेन्सरचा. स्वस्त सेन्सर फक्त पायडल फिरतात की नाही एवढंच बघतो. पाय हलला की मोटर एकदम ओढते. तरुण पोराला मजा वाटते, पण एक पाय जमिनीवर असताना सायकलनं पुढे उडी मारली तर आमच्या आईसारखं माणूस पडेल. जोर मोजणारा सेन्सर हलकेच ढकलतो.

आईचा तक्ता

या सगळ्यानंतर मी आईला घेऊन दुकानात गेलो. या वेळी तक्ता तिचा.

पहिली सायकल पोकळ दांड्यात बॅटरी, जाड टायर, पुढे शॉकअप. ताकद भरपूर. आईनं पायसुद्धा उचलला नाही.

दुसरी खाली वाकलेली, मोटर मागच्या चाकात, बॅटरी कॅरियरखाली. चढायला सोपी. पण स्टँड काढल्यावर मागचं वजन एका बाजूला ओढायला लागलं, आणि पहिल्याच पायडलला तिनं झटका दिला. आई म्हणाली, "ही मला नेतेय, मी हिला नाही."

तिसरी खाली वाकलेली, मोटर मधे, बॅटरी सीटच्या नळीमागे. महाग. आई बसली, दोन चकरा मारल्या. चेहरा खुलला. मी पाकीट काढायच्या बेतात, तेवढ्यात तिनं दुकानदाराला विचारलं, "उतरायचं कसं?"

आम्ही दोघंही गप्प. बघा, सीट एवढी खाली घेतली की थांबल्यावर दोन्ही पाय टेकतील, तर चालवताना गुडघा जास्त वाकतो आणि दुखतो. गुडघ्याला बरी पडेल एवढी वर घेतली, तर सिग्नलला पाय टेकत नाहीत. मी इतका इतिहास वाचला आणि चढण्यातच अडकून पडलो होतो. उतरण्याचा रकाना या वेळीही राहिला होता. यावरही उत्तर शोधणारे झालेत. २००० च्या दशकात इलेक्ट्रा या अमेरिकन कंपनीनं "टाउनी" सायकलमध्ये पायडल थोडे पुढे नेले, म्हणजे सीट खाली असूनही पाय पुरेसा लांब होतो. त्या दुकानात तशी सायकल नव्हती.

शेवटी आईनंच तोड काढली. सीट मधल्या उंचीवर, आणि थांबताना सीटवरून पुढे सरकून दांडा नसलेल्या जागेत उभं राहायचं. दांडा नाही म्हणूनच ते जमतं! कॉलेजात ती असंच करायची म्हणे, कुणी शिकवलं नव्हतं.

तिसरीच घेतली. माझ्या आवडीची पहिलीवहिली सायकल आता मी वापरतो, हप्तेही मीच भरतोय. आई सकाळी मंडईत जाते, येताना पुढच्या टोपलीत भाजी असते. परवा शेजारच्या काकू खाली उभ्या राहून तिची सायकल निरखत होत्या. मी मोटर, बॅटरी सांगायला तोंड उघडलं. आईनं मला हातानं थांबवलं आणि काकूंना म्हणाली, "आधी बसून बघ."

तुमच्या घरात ई-सायकल घ्यायची असेल, तर दुकानात ज्याला ती चालवायची आहे त्यालाच न्या. चढू द्या, थांबू द्या, उतरू द्या. मग वॉट विचारा. आणि तुमच्या आजी-आजोबांची लूनाची किंवा हाफ पायडलची आठवण असेल तर रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. भेटू लवकरच!